पेशीच्या दारात मी हरलो त्याची हकीकत

कल्लबेट्टु,
सोण महिना (तुमच्या मुंबईकडचा श्रावण) लागून आठवडा झाला, पाऊस चालूच.

तीर्थस्वरूप लीलक्का,

धाकट्या भावाचा, महाबलाचा, वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी पाठवलेलं तेल तू लावतेस की भावजी हॉटेलातल्या कढईत ओततात, हे कळवावं. (भावजींना हे वाचून दाखवू नये.) त्यांच्या साखरेचं काय झालं? पहाटे मेथीचं पाणी प्यावं आणि गोळीबजे दुसऱ्यांना खाऊ घालावेत, स्वतः नुसता वास घ्यावा. इकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे नारळ खुशाल आहेत, म्हैस खुशाल आहे, विहीर काठोकाठ भरली आहे. माणसांचं पुढे लिहितो. परवा एसटीडीच्या खोक्यात उभा राहून तुला फोन केला, तू विचारलंस, "कार्यक्रम कसा झाला?" मी म्हटलं, "छान झाला," आणि तू म्हणालीस, "महाबला, खोटं बोलायच्या आधी तू खोकतोस," आणि फोन आपटलास. म्हणून पत्र लिहितोय. कागदावर खोकता येत नाही, तेव्हा खरंच लिहावं लागणार.

अक्का, तुम्हा मायलेकींत काय ठरलं होतं ते मला आधी माहीत असतं, तर मी त्या दिवशी अंगात ताप आहे म्हणून पांघरूण घेऊन पडलो असतो. वारिजाने मुंबईची औषधकंपनीची नोकरी नाकारून आपल्या गावच्या हायस्कुलात हंगामी मास्तरीण व्हायचं, आणि शाळेची विज्ञानसंध्या चांगली झाली तर इथेच राहायचं, फसली तर मुकाट्याने तुझ्याकडे परत यायचं! असला पैजेचा संसार कुणी मांडतं का? पण तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या. मला हे कळलं ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, आणि तोवर मी द्वारपालाचं काम पत्करून बसलो होतो.

सुरुवातीपासून सांगतो. नववीच्या पोरांना पेशी कळेना. पुस्तकात पेशी म्हणजे एक फुगलेली पुरी आणि तिच्यात सांडलेले वाटाणे. वारिजा घरी येऊन कपाळाला हात लावायची. मी म्हटलं, "अगं, मला तरी दाखव, मी चौथीपर्यंत शिकलोय, मला कळलं तर कुणालाही कळेल." तर तिने शाळेतलं सूक्ष्मदर्शक ओसरीवर आणून मांडलं, काडीने माझ्या गालाच्या आतून खरवडलं, काचेवर निळा रंग टाकला आणि म्हणाली, "मामा, बघा. हे तुम्ही." मी डोळा लावला आणि अक्का, मला गहिवरून आलं. एकाला एक लागून चौकोनी चौकोनी चिरे, मधे चुन्याच्या दरजा भरल्यासारख्या रेषा, अगदी आपल्या कंपाउंडाच्या जांभ्या दगडाच्या भिंतीसारखं बांधकाम! मी म्हटलं, "बघ, रक्तच घरंदाज. आतून चिरेबंदी आहे तुझा मामा." तिने बघितलं, हसू दाबलं, म्हणाली, "मामा, हे तुम्ही नाही, हे तुमचं विड्याचं पान. झाडाच्या पेशीला भिंत असते, माणसाच्या नसते. चूळ भरून या." चार चुळा भरल्या. मग दिसलो तो खरा मी. काय सांगू! नीरदोसा तव्यावरून काढताना दुमडावा तसे वेडेवाकडे तुकडे, प्रत्येकाच्या पोटात एक मिरी. भिंत नाही, कुंपण नाही, नुसता दुधावरच्या सायीसारखा पडदा. साठ वर्षं मी ज्याला 'मी' म्हणत होतो ते हे? आणि असले किती, विचारलं, तर म्हणाली, "मोजायला बसलात तर तुमची, माझी आणि आईची आयुष्यं पुरणार नाहीत." त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही. नीरदोसेच होते.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. त्या पेशीत म्हणे तंतुकणिका असतात. त्या पेशीच्या चुली, अन्नातून बळ काढून देणाऱ्या. वारिजा म्हणाली, "मामा, या मूळच्या घरातल्या नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी बाहेरचा जंतू आत आला तो राहिलाच. अजून त्यांचे स्वतःचे वेगळे कागद आहेत, केंद्रकापासून, म्हणजे पेशीच्या राजापासून, लपवून ठेवल्यासारखे." मी ताडकन उठलो. म्हणजे कूळ! अक्का, आपली खाडीकाठची शेतं कूळकायद्यात गेली तेव्हा बाबा तीन दिवस बोलले नव्हते, आणि इथे माझ्याच गालात, माझ्याच जिभेशेजारी, कुळं मालक होऊन बसलेली! मी म्हटलं, "यांना काढता येत नाही?" ती म्हणाली, "काढलंत तर श्वास घेता येणार नाही." म्हणजे तेही कायद्याने. वर तिने सांगितलं की या चुली फक्त आईकडून येतात, बापाच्या येत नाहीत. हे ऐकून शेजारची गिरिजक्का (तीच ग, देवळाच्या समाराधनेला भात शिजवते ती) कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग आपले पूर्वज काय वेडे होते, घराणं आईकडून लेकीकडे चालवायला? ह्यांना आता कळलं!" आणि दुसऱ्या दिवशी तिने आपल्या जावयाला सांगून टाकलं की नातवंडांच्या अंगात जी काय धमक आहे ती या घरची, त्यांच्याकडून फक्त नाक आलंय. जावई जेवण न करता उडुपीला गेला.

तेव्हा सगळ्यांना वाटलं, पेशी लोकांना कळते, फक्त सांगायला हवी. हेडमास्तर ऐताळांनी तोडगा काढला: पावसाळा आहे, यक्षगानाच्या मंडळ्या घरी बसल्यात, तर ताळमद्दळे करू. तुला आठवतं ना अक्का, नाच नाही, पडदा नाही, बसल्या जागी नुसता वाद. भागवताने पद म्हणायचं आणि पात्राने त्याचा अर्थ पदरच्या शब्दांत सांगायचा, पाठ केलेलं काही नाही. वारिजाने कथा लिहून दिली. पेशी नावाची नगरी. केंद्रक हा राजा, ते ऐताळ मास्तर. चूलवाली गिरिजक्का. राजाच्या हुकुमाबरहुकूम मण्यांच्या माळा ओवणारी आठवीची पोरं, म्हणजे प्रथिनं बनवणारी. निकामी झालेलं सगळं गिळून टाकणारी लयकारिका, ते काम मासळीवाल्या दूमण्णाला. (ताळमद्दळेत तोंडाला रंग लावत नाहीत हे त्याला सगळ्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "राक्षसाला रंग नाही तर माझ्यात आणि राक्षसात फरक काय?" आणि लाल-काळा रंग थापून, हातभर मुकुट घालून बसला.) आणि पेशीचं पटल, म्हणजे द्वारपाल, तो मी. मिठाला सोडायचं, पाण्याला सोडायचं, साखरेला ओळख विचारून सोडायचं. विषाणू आला की सोडायचं नाही. वारिजाने मला बजावलं होतं, "मामा, तो काहीही बोलला तरी 'नाही' म्हणा. एवढंच." मी म्हटलं, "पोरी, चाळीस वर्षं ताळमद्दळेच्या वादात कुणाला हार गेलेलो नाही."

विषाणू म्हणून खाडीपलीकडच्या काठावरून, ताळमद्दळेत मुरलेल्या मुत्तप्पा आळ्वाला बोलावलं. इथेच सगळं चुकलं.

देवळाचा मंडप भरलेला. पुढे खुर्चीवर तालुक्याचे शिक्षणाधिकारी, पांढऱ्या सफारीत. मिठाला मी सोडलं, दोन टाळ्या मिळाल्या. साखरेची फिरकी घेतली, मंडप हसला. मला जरा चढली, खोटं कशाला बोलू. मग भागवताने ताल बदलला आणि आळ्व येऊन समोर बसला. आल्या आल्या विचारतो कसा, "द्वारपाला, तू मला अडवतोस. मी खातो का?"

"नाही," मी म्हटलं.

"श्वास घेतो?"

"नाही."

"एकट्याने मला पोरं होतात?"

"नाही होत. म्हणून तर दुसऱ्याच्या घरात घुसतोस, लाज नाही तुला."

"लाज जिवंत माणसाला. जो खात नाही, श्वास घेत नाही, तो जिवंत आहे?"

मी वारिजाकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "पुरता जिवंत नाहीस."

"मग मेलेला आहे?"

"मेलेला असतास तर एवढी बडबड केली नसतीस!" लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

आळ्वही हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "द्वारपाला, जो जिवंत नाही आणि मेलेलाही नाही, तो कोण? मी सांगतो. मी एक निरोप आहे. आवरणात गुंडाळलेला नुसता निरोप. माझ्याकडे शस्त्र नाही, सैन्य नाही. तुझ्या राजाला चार शब्द सांगायचे आहेत, बस. म्हणजे मी दूत झालो. आता तूच सांग, तू तर जन्मभर अंगद झालास, कौरवांच्या सभेत कृष्ण झालास. दूताला दारात अडवणं हा कुठल्या शास्त्रातला धर्म?"

अक्का, दूताला अडवू नये हे वाक्य मी याच मंडपात, याच खांबाला टेकून, किती वेळा ओरडून सांगितलंय! लोकांना पाठ आहे. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "खरं आहे, महाबलण्णा, दूत आहे तो." वारिजा खांबाआडून दोन्ही हातांनी नाही-नाही करत होती. मला सगळं दिसत होतं. आणि मी उठलो, हात जोडले आणि म्हटलं, "या."

टाळ्यांचा कडकडाट. भागवताने तर आनंदाने पद पुन्हा म्हटलं.

पुढचं सगळं वाऱ्यासारखं झालं. आळ्व राजापुढे जाऊन म्हणाला, "राजा, आजपासून तुझी कामं बंद. फक्त माझ्या प्रती काढायच्या." ऐताळ मास्तरांनी यावर तडाखेबंद उत्तर द्यायचं होतं. पण तीस वर्षं वरून आलेले कागद वाचून वाचून त्यांना सवयच झालेली. ते गंभीर होऊन म्हणाले, "वरून आलंय म्हणजे करावंच लागेल," आणि पोरांना हुकूम सोडला. पोरं बिचारी आज्ञाधारक, हिरव्या मण्यांच्या माळा टाकून आळ्वाच्या काळ्या मण्यांच्या माळा भराभर ओवायला लागली. शिक्षणाधिकारी वारिजाकडे वळून म्हणाले, "हे अभ्यासक्रमात आहे?"

तेव्हा गिरिजक्का उभी राहिली. तिला कथेत एकच वाक्य होतं. ते सोडून ती म्हणाली, "ए राजा! मी तुझ्या हुकुमाने आलेली नाही, आईकडून आलेय. माझ्या चुलीवर परक्याच्या पोरांचा भात शिजायचा नाही!" आणि जवळचा पाण्याचा हंडा उचलून चुलीवर उपडा केला. (चूल खोटी, पाणी खरं. अर्धं पाणी सफारीवर.) चूल विझलेली बघताच दूमण्णाला वाटलं, आपला प्रवेश आला. वारिजाने त्याला सांगितलं होतं की नगरी मेली की तू सुटतोस आणि सगळं खाऊन टाकतोस. तो जो गर्जना करत सुटला, मण्यांच्या माळा तोडल्या, ऐताळांचं सिंहासन उलथं केलं, आळ्वाला उपरण्यासकट खांबाशी दाबलं आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या खुर्चीशी येऊन जबडा उघडला. साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर लाल पंजा उमटला. मणी मंडपभर. म्हाताऱ्या घसरताहेत, पोरं किंचाळताहेत, भागवत शेवटचं मंगलाचं पद शोधतोय. साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "विज्ञान शिकवायला नेमलं होतं की दंगल करायला? नेमणुकीचं मी बघतो." जीप गेली.

घरी आल्यावर वारिजाने आधी बॅग काढली. मी म्हटलं, "पोरी, मला शिव्या तरी दे." ती म्हणाली, "मामा, शिव्या कशाला? विषाणू खरंच असाच आत जातो. ओळखीचा आहे असं दाखवून. आणि गिरिजक्काने केलं तेही खरंच होतं. आपल्या घरात परकी पिलावळ वाढतेय असं दिसलं की कधी कधी पेशी आपली चूल आपणच विझवते, शेजारची घरं वाचावीत म्हणून." म्हणजे गिरिजक्काने चुकून बरोबर केलं आणि मी विचार करून चूक! ती म्हणाली, "पण आईला शब्द दिलाय. फसलं ते फसलं." आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली.

सकाळी दूमण्णा आला. तोंडाचा रंग पुरता निघाला नव्हता, कानामागे लाल राहिलं होतं. मी म्हटलं, माफी मागायला आलाय. तो ओसरीच्या कडेला बसला, छत्री मिटली, परत उघडली, परत मिटली. मग वारिजाला म्हणाला, "टीचरबाई, माझा थोरला भाऊ काविळीने गेला. लग्नाला महिना नव्हता झाला. ती कावीळ म्हणजे हाच का, कालचा आळ्व?"

ती म्हणाली, "त्यातलाच एक. पाण्यातून येतो, यकृताच्या पेशीत जातो."

"मग त्याचं दार कुणी उघडलं?"

मी मान खाली घातली. वारिजा त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "कुणी नाही, दूमण्णा. त्या विषाणूकडे त्या दाराची किल्ली असते. द्वारपाल कितीही चांगला असला तरी."

दूमण्णा म्हणाला, "म्हणजे वहिनीच्या पायगुणाने नाही?"

"पेशीला पायगुण कळत नाही, दूमण्णा."

तो उठला. मी चहा सांगितला होता, तो तसाच राहिला. मासळीची टोपली आमच्या ओसरीवर ठेवून तो पावसात चालत निघाला, वहिनीच्या घराच्या वाटेने. चौदा वर्षं दूमण्णाच्या घरातल्या कुणी त्या बाईला सणाला हाक मारली नव्हती, हे तुला माहीत आहे, अक्का. ती टोपली मांजराने निम्मी केली. मी हुसकावलं नाही. वारिजा तिथेच जमिनीवर बसून राहिली होती, आणि तिचा चेहरा बघून माझ्या मनात जे आलं ते मला लिहिता येत नाही. मी चौथीच शिकलोय.

असं झालं. सगळं खरं लिहिलं. चहाच्या हॉटेलात अजून दोन तट आहेत, एक म्हणतो चूक द्वारपालाची, दुसरा म्हणतो राजाची. मासळीबाजारात बायका भांडताना 'तुझी चूल विझव' म्हणायला लागल्यात. आळ्वाने निरोप पाठवलाय की पुढच्या रविवारी पुन्हा बसू, या खेपेला तो द्वारपाल आणि मी विषाणू, बघू कोण आत येतं ते. गाव तयार आहे. ऐताळ मास्तर म्हणतात, वरून कागद आला तर ते बंद करतील, नाही आला तर राजा होतील.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला जप. तुझ्या पायांशी बसणारा,

महाबल

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणणारी तुझ्यासमोर बॅग घेऊन उभी आहे. शब्द दिला होता, पाळला. मी थांबवलं नाही. तिच्याबरोबर अळूच्या पानांचे पत्रोडे दिलेत, आजच खावेत.

ता. क. आता खरं काम. अक्का, लहानपणापासून वादात तू मला कधी जिंकू दिलं नाहीस, म्हणून मी वाद घालतच नाही, नुसतं मागतो. तिला परत पाठव. नेमणूक राहील की जाईल ते मला माहीत नाही. पण नववीचा अर्धा धडा राहिलाय, तो सध्या ऐताळ मास्तर शिकवताहेत, आणि त्यांनी पोरांना लिहून दिलंय की वरून आलेला हुकूम पाळणे हे केंद्रकाचे मुख्य कार्य होय.

ता. क. वारिजाने हे पत्र वाचलेलं नाही. तांदळाच्या खळीने पाकीट घट्ट चिकटवलंय.

आई, खळ बस कुंदापूरला पोचेपर्यंतसुद्धा टिकली नाही, पावसाळी हवा. सगळं वाचलं. मामांनी एक गोष्ट लिहिली नाही, कदाचित त्यांना कळलीही नसेल. ते वादात हरलेच नव्हते. त्यांच्याकडे उत्तर होतं, ओठांवर आलेलं मी खांबाआडून बघत होते. पण आळ्व होडीतून आले ते नखशिखांत भिजून, बोलताना त्यांचे दात वाजत होते. मामा उठले ते आधी आत जाऊन पंचा घेऊन आले, त्यांच्या हातात दिला, आणि मग "या" म्हणाले. असा माणूस पटल म्हणून बसवायचा नसतो, ही चूक माझी. शनिवारच्या परतीच्या बसच्या दोन जागा काढल्यात, एक माझी, एक तुझी. वाद घालायचा असेल तर बसमध्ये घालू, अख्खी रात्र आहे. – वारिजा